लांबीचा कर आणि रुंदीची गल्ली: पहाडगंजातील छोटी सेडान

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेला पसरलेला पहाडगंज मोटारीसाठी वसलेला नाही. मोगलकालीन तटबंदीच्या शहराबाहेर, अजमेरी दरवाज्यापलीकडे धान्याची पेठ म्हणून हा भाग वाढला आणि त्याच्या गल्ल्यांची रुंदी बैलगाडी, हातगाडी व टांगा यांच्या हिशेबाने ठरत गेली. १९३१ साली नव्या राजधानीचे उद्घाटन झाले, तेव्हा कॅनॉट प्लेसचे रुंद वर्तुळाकार रस्ते पहाडगंजपासून चालत जाण्याच्या अंतरावर आले. पण ती रुंदी पंचकुइयां रस्ता ओलांडून आत शिरली नाही. १९४७ च्या सप्टेंबरातील दंगलीत येथील मुस्लिम वस्ती उद्ध्वस्त झाली, रिकाम्या घरांत पश्चिम पंजाबातून आलेली निर्वासित कुटुंबे राहू लागली, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत स्थानकाच्या सान्निध्यामुळे त्यांतली कितीतरी घरे लॉज आणि हॉटेले झाली. मेन बाजार, चुना मंडी, मुलतानी ढांडा, नबी करीम, आराकशां रोड ही नावे आज देशी-परदेशी प्रवाशांना ठाऊक आहेत. दिल्लीच्या बृहत् आराखड्यात या परिसराची गणना जुन्या शहराच्या विस्तारासह ‘विशेष क्षेत्रा’त होते. नव्या वसाहतींचे नियम येथे जसेच्या तसे लावणे शक्य नाही, याची ती सरकारी कबुलीच म्हणावी लागेल.

अशा ठिकाणी कुटुंबाची छोटी सेडान बाळगणे आणि चालवणे याला एक इतिहास आहे. सेडान म्हणजे तीन खणांची मोटार: पुढच्या खणात इंजिन, मधल्या खणात माणसे आणि मागे स्वतंत्र, बंद झाकणाच्या खणात सामान. या शेवटच्या खणाला आपल्याकडे डिकी म्हणतात. जिच्यात मागचा खण वेगळा नसतो आणि मागचे दार थेट बैठकीतच उघडते, ती हॅचबॅक. हा फरक वरवर रचनेचा दिसतो. तरी भारतात सेडानच्या डिकीची लांबी अभियंत्यांइतकीच अर्थ मंत्रालयाने, न्यायालयांनी आणि परिवहन खात्यानेही ठरवली, आणि स्थानकाला खेटून असलेल्या पहाडगंजात, जिथे मोटारीत बसणाऱ्या बहुतेकांजवळ सामान असते, त्या निर्णयांचा परिणाम रोज दिसतो.

मराठी वाचकाला हा परिसर परका नाही. आरामबागेच्या बाजूला नूतन मराठी शाळा आणि बृहन्महाराष्ट्र भवन आहे. सरकारी कामासाठी, स्पर्धा परीक्षांसाठी किंवा उत्तरेकडच्या यात्रेसाठी दिल्लीत येणाऱ्या मराठी माणसांच्या कित्येक पिढ्यांनी राजधानीतली पहिली रात्र याच भागात काढली आहे. पुण्याहून झेलम एक्सप्रेसने किंवा मुंबईहून पंजाब मेलने नवी दिल्लीला उतरायचे, पहाडगंजच्या बाजूने, म्हणजे फलाट क्रमांक एककडून बाहेर पडायचे, आणि वळकटी, ट्रंक, फराळाचे डबे घेऊन टॅक्सी किंवा टांगा पाहायचा, हा क्रम अनेक कुटुंबांच्या अंगवळणी पडलेला होता.

त्या काळात महाराष्ट्रातून येणाऱ्या कुटुंबाच्या मनात ‘मोटार’ म्हटले की फियाट उभी राही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकी बनावटीच्या गाड्या जुळवल्या आणि पुढे इटलीच्या फियाटशी करार करून १९५० च्या दशकात फियाट ११०० बाजारात आणली. हीच गाडी १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. तिचे इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरचे होते, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबालाच जोडलेला असे, त्यामुळे पुढची बैठक सलग राही आणि दाटीवाटीने का होईना, तीन माणसे पुढे बसत. या लेखाच्या दृष्टीने तिची मापे अधिक महत्त्वाची आहेत: लांबी चार मीटरांहून किंचित कमी, रुंदी सुमारे १.४६ मीटर. पुढे कायद्याने जी मर्यादा ‘लहान मोटार’ म्हणून आखली, तिच्यात कुर्ल्याची ही कौटुंबिक सेडान कोणीही न सांगता अर्धे शतक आधीच बसत होती.

दिल्ली मात्र अँबॅसडरची होती. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्स ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून ही गाडी १९५७ पासून बनवत असे. तिची लांबी सुमारे ४.३ मीटर आणि मागची बैठक सोफ्यासारखी ऐसपैस. सरकारी खात्यांनी ती घेतली, म्हणून टॅक्सीवाल्यांनीही घेतली. कारण ज्या गाडीचे सुटे भाग काश्मिरी गेटच्या बाजारात सहज मिळतात आणि जिची दुरुस्ती कोणत्याही नाक्यावरचा मिस्त्री करू शकतो, तीच गाडी धंद्याला परवडते. मुंबईत काळी-पिवळी म्हणजे फियाट आणि दिल्लीत काळी-पिवळी म्हणजे अँबॅसडर, ही विभागणी इतकी रुळली होती की दोन्ही शहरांच्या स्वभावाशी तिचा संबंध जोडण्याचा मोह अनेकांना झाला. खरे कारण कारखान्यांच्या अंतराचे, सरकारी खरेदीचे आणि मिस्त्रींच्या सवयीचे होते.

खासगी मालकीची गोष्ट वेगळी. १९४९ नंतर तयार मोटारींची आयात जवळजवळ बंद झाली, उत्पादन परवान्यांनी बांधलेले राहिले, आणि मोटार घेणे म्हणजे नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणे असा अर्थ झाला. नोंदणीचा क्रमांक लागलेल्या माणसाला गाडी हाती येण्याआधीच तिच्यावर ‘ऑन’, म्हणजे ठरलेल्या किमतीवरचे जादा पैसे, देऊ करणारे गिऱ्हाईक भेटे. पहाडगंजातल्या व्यापाऱ्याला या रांगेत उभे राहण्याइतकी ऐपत असली, तरी घरासमोर गाडी उभी करायला जागा नसे, आणि बहुतेकांचे काम स्कूटर व सायकलरिक्षावर भागत असे. झंडेवालानचा सायकलबाजार शेजारीच फुलला, हा योगायोग मानण्याचे कारण नाही.

१४ डिसेंबर १९८३ रोजी गुडगावच्या कारखान्यातून पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती देण्यात आली आणि दिल्लीच्या मध्यमवर्गाचे मोटारीशी नाते बदलले. पण ती हॅचबॅक होती. कुटुंबाची सेडान म्हणून मारुतीने १९९० साली आणलेली मारुती १००० अधिक उद्बोधक आहे. तिचे इंजिन अवघे ९७० घनसेंटिमीटरचे, अंग मात्र चार मीटरांहून थोडे अधिक. चार माणसे आणि भरलेली डिकी घेऊन चढावर ती दमत असे, तरीही मागणी एवढी होती की वाटपासाठी सोडत काढावी लागली. लोकांना वेगापेक्षा मागचा खण हवा होता. ज्या गाडीला ‘शेपूट’ आहे ती पूर्ण गाडी, बाकीची अर्धी, ही समजूत उत्तर भारतात तेव्हाच घट्ट झाली आणि लग्नाच्या देण्याघेण्यापासून कार्यालयातल्या दर्जापर्यंत सर्वत्र तिने आपला अंमल बसवला. १९९३ मध्ये मोटार उद्योग परवानामुक्त झाला, आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत दिल्लीच्या वेशीवर, ग्रेटर नोएडा परिसरात, देवूची सिएलो व होंडाची सिटी या सेडान तयार होऊ लागल्या. मारुतीनेही १००० च्या जागी १,२९८ घनसेंटिमीटरची एस्टीम आणली.

याच सुमारास डिकीवर पहिला मोठा घाला पडला. दिल्लीच्या हवेच्या प्रदूषणाविषयी एम. सी. मेहता यांनी दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी बस, टॅक्सी आणि ऑटोरिक्षा स्वच्छ इंधनावर आणण्याच्या मुदती घालून दिल्या. १९९० पूर्वीच्या टॅक्सी व ऑटोरिक्षा ३१ मार्च २००० पर्यंत बदलायच्या होत्या. १९९८ च्याच अखेरीस इंद्रप्रस्थ गॅस लिमिटेड स्थापन झाली आणि सीएनजी, म्हणजे दाबाखाली साठवलेला नैसर्गिक वायू, दिल्लीच्या भाड्याच्या गाड्यांचे इंधन झाला. हा वायू वातावरणाच्या सुमारे दोनशे पट दाबाने जाड पोलादी सिलिंडरात भरावा लागतो. कौटुंबिक मोटारीत असा सिलिंडर बसवण्यास जागा एकच, डिकी. साधारण साठ लिटर धारणक्षमतेचा आडवा सिलिंडर बसला की मागे उरते ती दोन पिशव्या आणि एखादी छोटी बॅग मावेल एवढी फट. सिलिंडरची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली चाचणी करून घ्यावी लागते. धंद्यातले लोक तिला ‘हायड्रोटेस्ट’ म्हणतात आणि तिच्या दाखल्याशिवाय पंपावर वायू भरून देत नाहीत.

हवेसाठी तो निर्णय आवश्यक होता, याविषयी वाद घालण्यात अर्थ नाही. पण त्याचा एक परिणाम रचनेच्या दृष्टीने विचित्र झाला: ज्या खणासाठी सेडान घ्यायची तोच खण इंधनाने व्यापला, आणि स्थानकाबाहेरच्या टॅक्सीला प्रवाशांचे सामान पुन्हा टपावर चढवावे लागले. दिल्लीतील टॅक्सींच्या टपावर दिसणारा लोखंडी कॅरिअर ही जुन्या काळाची उरलेली खूण नसून डिकीतल्या सिलिंडराची दुसरी बाजू आहे.

दुसरा घाला करातून आला, आणि त्याची कथा पुण्याशी बांधलेली आहे. २००६-०७ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. लहान मोटार कोणती, तर जिची लांबी ४,००० मिलिमीटरपेक्षा अधिक नाही आणि जिचे इंजिन पेट्रोलचे असल्यास १,२०० व डिझेलचे असल्यास १,५०० घनसेंटिमीटरपर्यंत आहे ती. व्याख्या करताना डोळ्यांसमोर बहुधा हॅचबॅकच असाव्यात, कारण त्या वेळी बाजारातली जवळजवळ कोणतीच सेडान तिच्यात बसत नव्हती. टाटा मोटर्सच्या पिंपरीच्या कारखान्यात तयार होणारी इंडिगो इंडिका या हॅचबॅकला शेपूट जोडून २००२ साली केलेली होती आणि तिची लांबी सुमारे ४.१५ मीटर होती. त्याच इंडिगोचे शेपूट कापून कंपनीने जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या प्रगती मैदानावरील प्रदर्शनात इंडिगो सीएस मांडली: लांबी ३,९८८ मिलिमीटर, डिझेल इंजिन १,४०५ घनसेंटिमीटर. कराच्या रेषेच्या बारा मिलिमीटर आत थांबलेली ही पहिली भारतीय सेडान. जगात इतरत्र ज्याला नाव नाही असा मोटारींचा एक वर्ग त्यातून जन्मला.

मारुतीची स्विफ्ट डिझायर त्याच वर्षी मार्चमध्ये आली तेव्हा ४,१६० मिलिमीटर लांब होती आणि तिच्या डिकीत ४४० लिटर जागा होती. २०१२ साली तिची दुसरी आवृत्ती ३,९९५ मिलिमीटरवर आली, तेव्हा डिकी ३१६ लिटरची झाली. साडेसोळा सेंटिमीटर लांबी आणि सव्वाशे लिटर सामान ही करसवलतीची किंमत होती, आणि ग्राहकाने ती बिनतक्रार मोजली. मग रांगच लागली. होंडा अमेझ २०१३ मध्ये, ह्युंदाई एक्सेंट आणि टाटा झेस्ट २०१४ मध्ये, फोर्ड अस्पायर २०१५ मध्ये आली. नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्रा व्हेरिटोचे शेपूट तर इतके छाटले गेले की २०१३ ची व्हेरिटो व्हाइब सेडान आहे की हॅचबॅक हे सांगणे कठीण झाले. चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्याने २०१६ साली फक्त भारतासाठी अमिओ तयार केली. तिच्या मागच्या भागाबरोबर पुढचा बंपरही आखूड करण्यात आला. चार मीटरांच्या एका आकड्यासाठी जर्मन अभियंत्यांनी बंपर तासावा, हे भारतीय करव्यवस्थेच्या सामर्थ्याचे गमतीदार उदाहरण आहे. २०१७ च्या वस्तू व सेवा कराने हीच रेषा कायम ठेवली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्या आतल्या गाड्यांना १८ टक्के व बाहेरच्यांना ४० टक्के कर लागू झाल्यावर तर ती अधिकच ठळक झाली.

कराने लांबी मोजली. रुंदी आणि उंची मोजली नाही. त्यामुळे आखूड झालेल्या गाड्या आडव्या आणि उभ्या वाढल्या, कारण आत बसणाऱ्यांची जागा कुठून तरी काढावी लागणारच होती. पद्मिनी सुमारे १.४६ मीटर रुंद होती. २०१२ ची डिझायर १.६९५ मीटर आणि २०१७ ची १.७३५ मीटर रुंद झाली, म्हणजे लांबी जवळजवळ तेवढीच राहून अंग साडेसत्तावीस सेंटिमीटरांच्या आसपास पसरले. लहान मोटारीला सवलत देण्यामागे इंधनाची व रस्त्यावरील जागेची बचत हा हेतू असेल, तर पहाडगंजच्या गल्लीत तो हेतू नेमका उलटा झालेला दिसतो. तिथे गाडी अडते ती लांबीमुळे क्वचित, रुंदीमुळे नेहमी. दोन्ही बाजूंना दुकानांच्या पुढे आलेल्या पायऱ्या, उभ्या स्कूटरी, पाणीपुरीची हातगाडी आणि समोरून येणारी ई-रिक्षा यांच्यातून वाट काढताना चालकाला प्रश्न पडतो तो आरशांमधल्या अंतराचा. म्हणून या भागात गाडी चालवणारा माणूस आरसे मिटून घेऊन पुढे सरकतो, आणि भाड्याच्या पांढऱ्या डिझायरच्या डाव्या अंगावर, मागच्या दारापासून चाकाच्या कमानीपर्यंत, ओरखड्यांच्या रेघा असणे हे त्या गाडीच्या रोजगाराचे साधे चिन्ह आहे.

लांबीचा उपयोग होतो तो वळणात आणि गाडी उभी करताना. डिझायरची वळणत्रिज्या, म्हणजे चाके पूर्ण वळवल्यावर गाडी ज्या वर्तुळात फिरते त्याची त्रिज्या, ४.८ मीटर असल्याने देशबंधू गुप्ता रस्त्यावरून आराकशां रोडकडे वळणे तिला अवघड जात नाही. मात्र मेन बाजारात शिरलेली गाडी कोणत्याही वर्तुळात फिरत नाही. ती ज्या वाटेने गेली त्याच वाटेने मागे येते, आणि सेडानची उंच, आखूड डिकी मागच्या काचेतून जाणारी नजर अडवते, म्हणून एखादा हॉटेलचा पोऱ्या मागे उभा राहून हातवारे करतो. या कामी मागचा कॅमेरा आला तरी पोऱ्याचे काम गेलेले नाही, कारण कॅमेऱ्याला हातगाडी हटवता येत नाही. पहाडगंजातील रहिवासी कुटुंबाची सेडान बहुधा घराजवळ नसतेच; ती चेम्सफर्ड रोडच्या किंवा पंचकुइयांच्या बाजूला, पैसे देऊन मिळवलेल्या जागेत उभी असते आणि घरातून चालत तिच्यापर्यंत जावे लागते. ३१ डिसेंबर २००५ रोजी रामकृष्ण आश्रम मार्ग हे मेट्रो स्थानक सुरू झाल्यापासून हे चालणे आणि मेट्रोपर्यंतचे चालणे सारखेच झाले. त्यामुळे सेडान उरली ती लग्नसमारंभाला, हरिद्वारला, वृद्धांना रुग्णालयात नेण्याला.

मालकीच्या काळालाही कायद्याने माप लावले. राष्ट्रीय हरित लवादाने ७ एप्रिल २०१५ रोजी दहा वर्षांहून जुन्या डिझेल मोटारींना दिल्लीत मनाई केली, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी क्षेत्रासाठी डिझेलला दहा व पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा उचलून धरली. १ मे २०१६ पासून शहरातील डिझेल टॅक्सींवर बंदी आली. अखिल भारतीय पर्यटक परवान्याच्या गाड्यांना परवाना संपेपर्यंत मुभा मिळाली. चार मीटरांच्या वर्गाचा जन्मच स्वस्त डिझेलच्या हिशेबावर झालेला असल्यामुळे हा आघात मुळावर होता. घरगुती वापरात जेमतेम चाळीस-पन्नास हजार किलोमीटर चाललेली, नीट राखलेली इंडिगो किंवा डिझायर दहाव्या वर्षी दिल्लीत निरुपयोगी ठरू लागली आणि ‘ना हरकत’ दाखला घेऊन दुसऱ्या राज्यात विकली जाऊ लागली. तुलना करायची तर मुंबईने आपल्या टॅक्सींना वीस वर्षे दिली होती, आणि शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी तिथे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. दिल्लीत जुलै २०२५ मध्ये मुदत संपलेल्या गाड्यांना पंपावर इंधन नाकारण्याचा प्रयोग झाला, काही दिवसांत तो थांबवावा लागला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असा अंतरिम आदेश दिला. गाडीचे वय मोजावे की तिचा धूर, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा खुला झाला. लांबी मोजावी की रुंदी, या प्रश्नाचाच हा जुळा भाऊ आहे.

दरम्यान ग्राहक पुढे सरकला. २०१६ ची व्हिटारा ब्रेझा आणि २०१७ ची नेक्सॉन या उंच गाड्या त्याच चार मीटरांत बसवल्या गेल्या, आणि २०१८ साली देशात सर्वाधिक खपलेली गाडी असलेल्या डिझायरचा वर्ग विरळ होऊ लागला: अमिओ २०२० मध्ये बंद झाली, फोर्डने २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले, झेस्ट आणि इंडिगो त्याआधीच गेल्या होत्या. उरल्या त्या डिझायर, अमेझ, ह्युंदाईची ऑरा आणि टाटांची टिगोर. टिगोरच्या सीएनजी आवृत्तीत टाटा मोटर्सने २०२३ साली एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाशी शेजारी शेजारी बसवले आणि त्यांच्यावर सपाट फळी टाकली, म्हणजे पंचवीस वर्षांनी दिल्लीच्या टॅक्सीला डिकीचा काही भाग परत मिळाला. घरगुती ग्राहक उंच गाडीकडे वळला असला, तरी पहाडगंजच्या हॉटेलांसमोर आग्रा-जयपूरसाठी उभ्या राहणाऱ्या पिवळ्या पाटीच्या गाड्यांत अजून सेडानच अधिक दिसते. परवान्याचा, वायूचा आणि हप्त्याचा हिशेब तिच्यात बसतो, आणि दोन परदेशी प्रवाशांच्या पाठीवरच्या पिशव्या सिलिंडरावरच्या उरलेल्या जागेत मावल्या नाहीत तर टपावर कॅरिअर आहेच.